टेप सैल पडते

महामाया गजभारेला त्या सकाळी हात खांद्याच्या वर नेता येत नव्हते. वेणी मावशीनं घालून दिली, ओढणीलाही मावशीनंच पिना लावल्या. नांदेडहून विष्णुपुरीकडे निघालेल्या ऑटोत ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. सिडकोच्या वळणावर ऑटो उसळला, तिच्या मांडीवरची पाण्याची बाटली घसरली आणि समोरच्या सीटखाली गेली. ती वाकली. हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

समोरच्या चष्मेवाल्या तरुणानं बाटली काढून दिली.

"हाताला लागलंय का काही?"

"न्हाई हो. कालपासून जिम सुरू केली. इथं कॉलेजात ते संशोधन चालू हाय ना, कधीच वजन न उचललेल्या पोरींवर... त्यात मला जे वजन आलंय ते—"

"थांबा!"

तो इतक्या मोठ्यानं ओरडला की ऑटोवाल्यानं ब्रेक दाबला. तरुणानं दोन्ही कानांत बोटं घातली होती. कोथिंबिरीची पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग महामायाकडे. या पोरीनं असं काय वाईट सांगितलं असेल, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"पुढचं बोलू नका," तो कान न सोडता म्हणाला. "तुम्ही काय उचलता ते मला कळता कामा नये."

"का? तुम्ही कोण?"

"ज्याचं संशोधन आहे... तो मीच."

मग त्यानं बोटं काढली, आणि लाजून विष्णुपुरी येईपर्यंत बाहेर बघत बसला. उतरताना मात्र महामायाला हसू आवरेना. एखाद्या मुलानं आपलं बोलणं ऐकू नये म्हणून कानांत बोटं घातलेली तिनं पहिल्यांदाच पाहिली होती.

त्याचं नाव आदर्श सोनकांबळे. तो लातूरचा, शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करत होता. प्रश्न साधा होता. ज्यांनी आयुष्यात कधी व्यायामाचं वजन उचललं नाही, त्यांचे स्नायू कशानं जास्त वाढतात? भारी वजन थोड्या वेळा उचलून, की हलकं वजन पुष्कळ वेळा उचलून? मुलींचे दोन गट केले होते. चिठ्ठी काढायची, जो गट येईल तो घ्यायचा. दोन्ही गटांना एकच अट. हात आणखी एकदाही उचलणार नाही इथपर्यंत प्रत्येक सेट न्यायचा. बारा आठवडे हे करायचं आणि दर चौथ्या आठवड्याला दंडाचं माप द्यायचं.

माप घेणारा आदर्श. म्हणूनच कोणती मुलगी कोणत्या गटात आहे हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर डोळ्यांना मनाला हवं तेच दिसायला लागतं, असं त्याच्या मार्गदर्शक गुरम्मा मॅडम म्हणत. चिठ्ठ्या मॅडमनीच काढून घेतल्या होत्या. पहिलं मापही त्यांनीच घेतलं, कारण त्या आठवड्यात आदर्श बहिणीच्या लग्नाला लातूरला होता. जिममध्ये व्यायाम करून घ्यायचं काम नरसिंग सरांकडे होतं. व्यायामाच्या वेळात आदर्शला त्या इमारतीत पाऊल टाकायची बंदी होती, आणि ती त्यानं स्वतःच स्वतःवर घातली होती.

महामाया संशोधनासाठी आली नव्हती. ती गोळ्यासाठी आली होती. उमरीहून नांदेडला पंचफुलामावशीकडे राहून ती पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात ती पुढे असायची, पण गोळा हातातून सुटला की जवळच धप्पकन बसायचा. मागच्या भरतीत गोळ्यानंच तिचे मार्क खाल्ले. मैदानातच नाव कटलं, लेखीला बसायलाही मिळालं नाही. या मार्चमध्ये पुन्हा मैदानी चाचणी होती, आणि त्यानंतरची भरती कधी निघेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. हातात जोर आला पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. इथं जिम फुकट होती, वर शिकवायला सर होते. तयारीच्या वर्गातली तिची मैत्रीण, लोह्याची शिल्पा, तिला इथं घेऊन आली होती.

शिल्पाला चिठ्ठी भारी वजनाची आली. महामायाला हलक्याची.

"अगं, हे काय वजन हाय?" पहिल्याच दिवशी शिल्पा तिच्या डंबेलकडे बघून म्हणाली. "आमच्या घरी यापेक्षा जड खलबत्ता हाय."

"तू तुझं बघ ना."

"बघून राहिले की. तुझा गोळा या वजनानं लांब जायचा असंल तर आमच्या आजीनं कधीच पदक आणलं असतं."

नरसिंग सर मागून ओरडले, "गप्पा न्हाई! गजभारे, हलकं म्हणून लाडात येऊ नको. हात थांबेस्तोवर!"

आणि हात खरंच थांबायचे. सुरुवातीला वाटायचं, हे तर खेळण्यातलं वजन. मग पंधरा-वीस वेळा झालं की दंडात जाळ व्हायचा, आणि शेवटी तेच खेळणं छातीपर्यंत येईना. पण भारी वजन उचलणाऱ्या मुलींच्या प्लेटा खणखणायच्या तेव्हा महामायाला वाटायचं, आपण चुकीच्या रांगेत उभ्या आहोत.

व्यायाम संपला की ती फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला थांबायची. आदर्श तिथंच बसलेला असायचा. जिममध्ये जायची बंदी, घरी जायची इच्छा नाही, मग तो बसणार कुठं?

"आज काय खाल्लं?" तो विचारायचा.

"हे संशोधनाचं विचारून राहिलात का?"

"...संशोधनाचंच. आहार सगळ्यांनाच विचारतो मी."

"मग लिहा. दोन भाकरी, वरण, दोन अंडी. आन् संशोधनाचं नसतं तर वेगळं सांगितलं असतं."

"काय?"

"वरण अळणी होतं, ते मी बोलले, आन् मावशी रुसली."

त्यानं आहाराची वही मिटली.

"मग... तेही सांगत जा," तो म्हणाला.

तसं ती सांगायला लागली. मावशीच्या शाळेतली भांडणं, उमरीच्या घरामागून जाणारी मालगाडी, वडील रेल्वेत गँगमन असल्यामुळे मालगाडीच्या आवाजावरून डबे भरलेत की रिकामे हे ओळखणारी धाकटी बहीण. तो लातूरच्या घराचं सांगायचा. नळाला पाणी आठवड्यानं यायचं त्या उन्हाळ्यात त्याची आई शेजारणींशी भांडून कशी थकली होती, आणि पाऊस पडल्यावर त्याच शेजारणींना भजी कशी वाटत फिरली होती. दोघांना सगळ्या विषयांवर बोलता यायचं. फक्त ती रोज ज्यासाठी येत होती त्या विषयावर नाही. कधी चुकून तिच्या तोंडून "आज नरसिंग सरांनी..." एवढं निघालं की तो घाईघाईनं उठून टपरीवाल्याकडे आणखी एक चहा मागायचा. त्यामुळे त्याचे काही दिवस फार चहाचे गेले.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी माप होतं. खोलीत गुरम्मा मॅडम टेबलाशी आकडे उतरवायला बसल्या होत्या. आदर्शनं महामायाच्या दंडावर पेनानं बारीक खूण केली आणि टेप फिरवली.

"हात सैल सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. श्वास घ्या एकदा."

"तुम्ही घ्या आधी," ती हळूच म्हणाली. "मघापासून धरून ठेवलाय तुम्ही."

मॅडम खोकल्या. आदर्शची बोटं थंड होती. डिसेंबरचा गारठा म्हणावा तर खिडकीतून ऊन आत आलेलं. त्यानं तीनदा माप घेतलं, नियमच तसा होता. दर वेळी टेप सोडताना त्याचं बोट दंडावर क्षणभर रेंगाळलं, की तिला तसं वाटलं... तिला ठरवता आलं नाही. ऑटोत घरी जाताना तिनं ओढणी त्या हातावरून घेतली आणि मावशीचं घर येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

शिल्पाला लपवून काही ठेवण्यात अर्थ नव्हता.

"तू येडी हायस," शिल्पा म्हणाली. "भरतीला आलीस का टेप लावून घ्यायला? मॅडम पहिल्या दिवशीच बोलल्यात, कुणालाबी कधीबी सोडता येतं, कारणसुदिक द्यायचं न्हाई. आयटीआयजवळ माझ्या भावाच्या दोस्ताची जिम हाय. उद्यापासून तिथं भारी मार. मार्च लांब न्हाई."

"मग इथं?"

"इथं काय? एक पोरगी कमी हुईल त्याची."

महामाया दुसऱ्या दिवशी ती जिम बघायला गेली. आरसे, मोठ्यानं गाणी, रांगेत लावलेल्या काळ्या प्लेटा. तिनं एका रॉडला नुसता हात लावला. थंड, खरखरीत, खराखुरा जडपणा. इथं आलो तर गोळा लांब जाईल असं तिला मनापासून वाटलं. आणि इथं आलो तर टपरीवर कुणाला अळणी वरणाचं सांगायचं, हेही त्याच वेळी वाटलं. माणूस आपल्याविषयी काही मनात धरून आहे की नाही हे माहीत नाही, आणि त्याच्यासाठी आपण भरती पणाला लावतोय... तिला स्वतःची लाज वाटली. तरी दुपारी ती विष्णुपुरीच्याच ऑटोत बसली.

येळवस, मार्गशीर्षातली शेतपूजेची अमावस्या, आली. शिल्पानं सगळ्यांना धमकी देऊन ठेवली होती, "माझ्या शेतात न्हाई आलात तर वर्षभर बोलणार न्हाई." लोह्याजवळच्या तिच्या शेतात जिमच्या मुली, नरसिंग सर, गुरम्मा मॅडम आणि सगळ्यांत शेवटी, आपण यावं की नाही याचा विचार करत करत, आदर्शही आला. कडब्याच्या खोपीपुढं पूजा झाली. मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील. शिल्पाची आई कुणाचंही पान रिकामं होऊ देईना. हरभऱ्याला घाटे धरले होते, आणि ज्वारीवरून वारा आला की पानांची सळसळ जेवणाऱ्यांच्या बोलण्यावर चढायची.

"महामाया, ती आंबिलाची बिंदगी आण ग झाडाखालून," शिल्पा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "बघू तुझा हात!"

घागरीएवढी भरलेली बिंदगी होती. दोन महिन्यांपूर्वी महामायानं तिला हात लावला नसता. तिनं वर पांघरलेली घोंगडी बाजूला केली, बसून गळ्याला धरलं आणि उभी राहिली. बिंदगी उठली. तिलाच आश्चर्य वाटलं. ती हसून वळली, तिला वाटलं तो बघत असेल.

आदर्श पाठ फिरवून उभा होता. नुसती पाठ नाही, तो चांगला दहा पावलं लांब गेला होता आणि हरभऱ्याच्या वाफ्याकडे असं एकटक बघत होता की जणू पिकावर कीड शोधतोय.

"सोनकांबळे, आंबील घेता का?" मॅडमनी विचारलं.

"उचलून झालं का त्यांचं?" तो न वळता म्हणाला.

सगळे हसले. महामायानंही हसून घेतलं. पण मनातून तिला ते लागलं. नियम तिला माहीत होता. तरी इतकं काय... एकदा बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आठव्या आठवड्याच्या मापाला ती निळा कुर्ता घालून गेली. मावशीनं विचारलं, रविवारी कुठं कार्यक्रम आहे का? ती ओढणी घेऊन बाहेर पडली.

तिची पाळी आली. ती खोलीत शिरली तसा आदर्श खुर्चीवरून उठला. त्यानं टेप मॅडमसमोर ठेवली.

"मॅडम, यांचं तुम्ही घ्या," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता खोलीबाहेर निघून गेला.

मॅडमनी खूण केली, टेप लावली, आकडे लिहिले. त्यांचा हात उबदार होता, आणि त्यांना श्वास घ्या म्हणावं लागलं नाही. बाहेर आल्यावर महामायानं पाहिलं, पुढच्या मुलीचं माप घ्यायला तो पुन्हा आत गेला होता. त्या मुलीचं. तिच्या मागच्या मुलीचंही. फक्त आपलं नाही.

त्या आठवड्यात ती टपरीवर थांबली नाही. व्यायाम झाला की सरळ ऑटो. आदर्श ग्लास हातात घेऊन उभा राहायचा, तिला दिसायचा, ती बघायची नाही. शिल्पाला विजय मिळाल्यासारखं झालं होतं, पण मैत्रिणीचा चेहरा बघून ती चिडवेना.

"चल आता आयटीआयला," एवढंच म्हणाली. "अजून टाइम हाय."

आणि महामायाला खरंच तिथं थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी ती सोडते म्हणून सांगायला मॅडमच्या खोलीकडे गेली. खोलीला कुलूप होतं. व्हरांड्यात आदर्श एकटाच बसला होता. तो उठून उभा राहिला.

"मॅडम विद्यापीठात गेल्यात," तो म्हणाला.

"मग तुम्हालाच विचारते. माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताला?"

"सगळ्यांची मापं घेऊन राहिलात. माझंच का न्हाई? वास येतो का माझ्या हाताला? का तिथं शेतात मी बिंदगी उचलली म्हणून राग आला?"

"राग?" तो खरोखर गोंधळला. "राग कशाचा? तुमचं माप... माझ्या हातून खरं येत नाही."

"म्हणजे?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"टेप सैल पडते," तो म्हणाला. "बाकीच्यांची तीन मापं एकसारखी येतात, केसाएवढा फरक. तुमचं दर वेळी थोडं जास्त. आधी वाटलं, तुम्हीच हात घट्ट धरलाय. मग लक्षात आलं, मीच टेप ओढत नाहीये."

"मग ओढायची ना!"

"ओढली की तुम्हाला दुखेल असं वाटतं."

"टेपनं कुणाला दुखतं हो?"

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "मला माहीत आहे ते. बाकी कुणाच्या वेळी वाटतही नाही."

व्हरांड्यात कुणी नव्हतं. खालच्या मैदानावर कबड्डीवाल्या मुलांचा आवाज येत होता. महामायाला काहीतरी बोलायचं होतं, पण जे तोंडात आलं ते भलतंच.

"हे मॅडमना काय सांगितलं तुम्ही?"

"हेच."

"हेच?"

"सांगावंच लागलं. माप घेणारा बदलायचा तर कारण द्यावं लागतं. लेखी." तो थांबला. "मॅडमना, आणि विद्यापीठाच्या समितीला."

"समितीला!" तिनं तोंडावर हात ठेवला. "किती लोक असतात त्या समितीत?"

"सात."

"म्हणजे मला सांगायच्या आधी तुम्ही सात म्हाताऱ्यांना सांगितलं की मी तुम्हाला..."

"सगळे म्हातारे नाहीत. दोन बऱ्यापैकी तरुण आहेत."

"आन् काय म्हणाले ते?"

"म्हणाले, माप मॅडमनी घ्यायला हरकत नाही, तुमचं पहिलं मापही त्यांचंच आहे. आणि अभ्यास संपेपर्यंत मी तुम्हाला काही विचारायचं नाही. म्हणजे... तसलं काही." त्याचे कान लाल झाले होते. "मी विचारत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

तिला हसायचं होतं आणि रडूही येत होतं. शेवटी तिनं ज्यासाठी आली होती ते सांगून टाकलं.

"मी आज सोडायला आले होते. हे संशोधन."

आदर्शला ते लागलं हे दिसत होतं. पण बोलला तेव्हा आवाज शांत होता.

"सोडावं वाटत असेल तर सोडा. तुमची भरती आहे. मी थांबा म्हणणार नाही. माझ्या थांबा म्हणण्याला आता काही किंमत नाही, त्यात माझाच फायदा आहे."

"मला एक विचारायचं होतं. वजनाचं. पण विचारलं तर तुम्हाला माझा गट कळंल."

"मग नका विचारू."

"तेच तर!" ती चिडून म्हणाली. "दुनियेत एका माणसाला ठाव असंल, आन् त्यालाच विचारता येत न्हाई!"

ती जिना उतरून गेली. घरी मात्र गेली नाही. मैदानाच्या कडेला तयारीच्या वर्गातल्या मुली गोळा फेकत होत्या. तिनं एकीकडून गोळा मागून घेतला. महिनाभर तिनं गोळ्याला हात लावला नव्हता, जो आकडा दिसेल त्याचीच भीती होती. मानेशी गोळा धरला, मागचा पाय रोवला आणि ढकलला. गोळा तिच्या जुन्या खुणेपाशी पडेल असं धरून ती बघत होती. तो खुणेच्या पुढं गेला, मातीत रुतला. तिनं पुन्हा फेकला. पुन्हा पुढं. पुष्कळ नाही, पण नक्की पुढं. तिनं स्वतःचा दंड चाचपून पाहिला. हात थांबेपर्यंत उचललेल्या त्या खेळण्यातल्या वजनानं तिथं काहीतरी घट्ट झालं होतं.

सोमवारी ती जिममध्ये आली आणि आपलं हलकं डंबेल उचललं.

"काय ग, आयटीआय?" शिल्पानं विचारलं.

"न्हाई."

"त्याच्यापायी?"

"गप. सर बघून राहिलेत."

उरलेले आठवडे ते टपरीवर भेटले, पण वेगळ्या बाकांवर बसले. आदर्शनं आहार विचारायचंही काम नरसिंग सरांकडे दिलं. एकदा टपरीवाल्यानं दोघांचे ग्लास सवयीनं एकाच बाकावर ठेवले, तेव्हा दोघंही एकदम उठले आणि ग्लास कुणी घ्यायचे या घोळात चहा सांडला. तेवढंच काय ते.

फेब्रुवारीत शेवटचं माप झालं. सगळे आकडे बंद केल्यावर मॅडमनी गटांची यादी आदर्शच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी महामाया मैदानावर धावत होती, तेव्हा तो चष्मा सावरत, धापा टाकत आला.

"तुम्ही हलक्या गटात होतात!"

"आता कळलं व्हय?"

"स्नायू दोन्ही गटांचे सारखेच वाढलेत," तो एका दमात म्हणाला. "फरक दाखवता येत नाही. पण ताकद... एकदाच जास्तीत जास्त किती उचलता येतं, ते भारी गटाचं जास्त निघालं. तुम्हाला गोळ्यासाठी तेच हवं होतं. तुम्ही व्हरांड्यात हेच विचारणार होतात. आणि मी नका विचारू म्हटलं. माझ्यामुळे..."

"माझे हात वाढलेत का न्हाई?"

"वाढलेत. मॅडमच्या मापानं वाढलेत. त्याच्यावर विश्वास ठेवा."

"मग आता त्या हातांना भारी उचलायला शिकवा. मार्चला महिना हाय."

"मी... शिकवू?"

"नरसिंग सर शिकवतील. तुम्ही मोजा. लांबून." ती पुन्हा धावायला वळली, मग थांबली. "आन् ते समितीनं विचारू दिलं न्हाई ते, मैदानी झाल्यावर विचारा."

महिनाभर नरसिंग सरांनी तिला भारी वजनावर घेतलं. आधीच तयार झालेल्या हातांना ते लवकर साधलं, इतकं लवकर की शिल्पानंही खलबत्त्याचं नाव काढणं सोडलं. आदर्श आता जिममध्ये यायचा, भिंतीला टेकून उभा राहायचा आणि ती वजन उचलायला लागली की सवयीनं मान वळवायचा. मग आठवण झाल्यासारखा परत बघायचा. बघता येतंय याचा त्याला रोज नव्यानं आनंद व्हायचा.

मैदानीच्या दिवशी उन्हं चढेपर्यंत फाटकाबाहेर पोरींच्या आईबापांची गर्दी झाली होती. मावशीची शाळा होती, म्हणून आदर्श एकटाच लिंबाच्या सावलीत पिशवी आणि बाटली सांभाळत उभा होता. महामाया बाहेर आली तेव्हा छातीवरचा नंबर अर्धा सुटला होता आणि उजव्या हाताला माती होती.

"काय झालं?" त्याला पुढं विचारवेना.

"धावणं बरं गेलं."

"आणि...?"

"सगळे मार्क न्हाई मिळाले," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला, तेव्हा तिनं घाईनं पुढं सांगितलं, "पण मागच्यापेक्षा मीटरभर पुढं. तयारीच्या वर्गातल्या सरांनी यादी काढलीय, मागच्या वेळी इतक्या मार्कांवर लेखीला घेतलं होतं. लेखीला नाव येतंय माझं. लेखी मला अवघड न्हाई."

त्यानं बाटली उघडून तिच्या हातात दिली. ती प्यायली, तोंड पुसलं. तो बोलायचा प्रयत्न करत होता, हे तिला दिसत होतं.

"विचारा की," ती म्हणाली. "आता तर समिती न्हाई."

"त्याआधी एक. तुम्ही सोडणार होतात. मग हलक्या गटात राहिलात का? तेव्हा तर तुम्हाला माहीत नव्हतं काय होणार ते."

महामाया हातावरची माती झाडत राहिली. हे शिल्पालाही तिनं नीट सांगितलं नव्हतं.

"खरं सांगू? त्या दिवशी गोळा फेकून बघितला तर पुढं गेला. म्हणून राहिले... अर्धी."

"आणि अर्धी?"

"अर्धी तुमच्यासाठी. गोळा पुढं गेला नसता तरी बहुतेक राहिले असते. तेच वाईट वाटत होतं मला. भरती तुमच्यावर लावली होती मी, आन् तुम्ही माझं मापसुदिक घेत नव्हतात."

गर्दीतून कुणीतरी कुणाच्या तरी नावानं हाका मारत होतं. आदर्शनं चष्मा काढला. पुसायचा राहून गेला.

"अर्ध्यावर माझं भागेल," तो म्हणाला. "मला तर एवढंही मिळेल असं वाटलं नव्हतं."

"माझं न्हाई भागायचं," महामाया म्हणाली.

तिनं मातीचा हात तसाच पुढं केला आणि त्याचा हात धरला. जोरात धरला. त्याला चांगलंच दुखलं असावं, पण त्यानं सोडवून घेतला नाही.